फळ्यावरची मिनिटं

१ सप्टेंबर १९७५, सोमवार

धर्मपाल – १३ मिनिटं. निंगप्पा – २८ मिनिटं.

शेडच्या दारात आबासाहेबांनी फळा टांगलाय आणि त्यावर हे! पांढऱ्या खडूनं, ठसठशीत. येणारा-जाणारा वाचतो. औषधाची पिंपं भरणारा रावजीसुद्धा वाचतो. त्याला वाचता येतं हे मला आजच कळलं.

अकरा वर्षं झाली मला फवारणीची विमानं तयार करताना. उड्डाणाआधीची एकवीस कामं कागदावर छापलेली आहेत. पंखांचे दोर सोडा, लाल टोप्या काढा, तेल बघा, शेपटी हलवून बघा. टाकीच्या बुडातून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, त्यात पाणी उतरलंय का ते बघा. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मग हिरवं फडकं दाखवायचं, मगच कॅप्टनसाहेब उडणार. याला अठ्ठावीस मिनिटं लागतात. लागणारच! आणि हा आठ महिन्यांपूर्वी आलेला पोरगा तेरा मिनिटांत फडकं दाखवतो.

आबासाहेब आमचे मुकादमही तेच आणि मॅनेजरही तेच. म्हणाले, "निंगप्पा, साडेआठला वारं उठतंय. मग औषध उसावर न्हाय, गावावर पडतंय. पंधरा मिनटं म्हंजे एक फेरी. गेली की एक फेरी!"

खरं आहे. पण त्याला फळा कशाला हवा?

३ सप्टेंबर

कॅप्टनसाहेबांनी आज चहा पिताना सांगितलं — दसऱ्याच्या सुमाराला मुंबईला एक नाव पाठवायचंय. लायसनच्या कोर्ससाठी. लायसन मिळालं की माणूस स्वतःच्या सहीवर विमान सोडतो. मग मेकॅनिक नाही, इंजिनियर. सोलापुरातून एकच नाव. सहा वर्षं मी याची वाट बघतोय.

घरी आल्यावर वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचंच जाणार की. दुसरं हायच कोन तितं?"

मी भाकरी मोडत बसलो. कोण आहे ते सांगितलं नाही.

५ सप्टेंबर

आज माझी पाळी. २६. दोन मिनिटं कमी झाली, कुणी बघितलीसुद्धा नाहीत.

८ सप्टेंबर

मिनिटांचं एवढं काही नाही. खरं पोटात दुखतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लिहूनच टाकतो, इथं कोण बघतंय.

माझी पाळी असली की कॅप्टनसाहेब फडकं बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "जरा मीही एक चक्कर मारतो, निंगप्पा." मग विमानाभोवती फिरतात, हात लावून लावून बघतात. अकरा वर्षं हेच. मी ते त्यांची सवय समजत होतो.

धर्मपालनं फडकं दाखवलं की सरळ शिडी चढतात. इकडे नाही, तिकडे नाही. जावई सासरघरी शिरावा तसे आत!

आज मुद्दाम उभा राहून बघितलं. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी. तळपायाची आग मस्तकात गेली.

काय आहे त्याच्यात? बुधवार पेठेतला पोरगा. बापानं गिरणीत जन्म काढला. याला आयटीआय करून दोन वर्षं झाली नाहीत. पण इस्त्रीचा शर्ट घालून येतो, आणि विमानाचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक दुपारच्या वेळी मांडीवर घेऊन वाचतो. मी त्यातली चित्रं बघतो. कुणाला माहीत नाही. वच्छलालाही नाही.

११ सप्टेंबर

धर्मपालनं शेंगाची चटणी आणून दिली. "आईनं तुमच्यासाठी दिलीया, अण्णा."

मला अण्णा म्हणतो. लबाडीनं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तसं दिसत नाही.

वच्छलानं विचारलं, कुणाच्या घरची? मी म्हणालो, रावजीच्या. का म्हणालो ते लिहीत नाही. चटणी चांगली होती, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तिचाही राग आला.

१७ सप्टेंबर

सापडला! सापडला एकदाचा!

झोप येईना म्हणून पाचलाच सायकल काढली. होटगी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बघतो तर शेडचं कुलूप उघडं, आत बॅटरी हलतेय. मी पेट्रोलच्या पिंपांआड उभा राहिलो.

धर्मपाल! एकटाच. कागद पंखावर ठेवलेला, एकेक काम वाचत होता, करत होता. बरणीत पेट्रोल काढून बॅटरीपुढे धरलं, किती वेळ बघत राहिला. आडवा पडून पोटाखालचे स्क्रू हातानं चाचपले. चांगला तासभर! मग टोप्या परत घातल्या, दोर परत बांधले, बॅटरी विझवली आणि बाहेर येऊन दात घासत बसला.

सहाला आबासाहेबांनी घड्याळ काढलं. तेव्हा तेच सगळं दुसऱ्यांदा केलं त्यानं. तेरा मिनिटं!

म्हणजे हे असं आहे. पेपर घरी फोडून परीक्षेला बसायचं आणि पहिला नंबर काढायचा. आणि कॅप्टनसाहेबांना वाटतं, काय हुशार पोरगा.

१८ सप्टेंबर

मी खोटं काही बोललो नाही. आबासाहेबांना एवढंच म्हणालो, "पहाटे शेड उघडी असते साहेब. पेट्रोलची पिंपं तिथंच आहेत."

सध्याचे आणीबाणीचे दिवसच असे आहेत की पुढचं सांगावं लागत नाही. कचेरीत भिंतीभर पाट्या — शिस्त, वेळ, काम. आबासाहेबांचा चेहरा उतरला. दुपारी हुकूम निघाला, सहाच्या आत कुलूप काढायचं नाही. किल्ली त्यांच्या खिशात.

संध्याकाळी धर्मपाल माझ्याकडेच आला. "अण्णा, सहाच्या आत शेड बंद केली ओ. आता कसं करायचं?"

मी म्हणालो, "तू लई चपळ हायस की. होतंय."

२२ सप्टेंबर

धर्मपाल – ३४! निंगप्पा – २४!

येताना बाळीवेशीतून जिलेबी घेतली. वच्छला म्हणाली, काय विशेष? काही नाही म्हटलं, मन झालं.

२४ सप्टेंबर

जिलेबी घशाशी आली.

आज पुन्हा त्याची पाळी. आबासाहेब घड्याळ घेऊन मागे मागे. "अरं दाव की फडकं! सूर्य वर आला!" धर्मपाल म्हणाला, "बघितल्याबिगर दावता येत न्हाय मला, साहेब."

मला वाटलं, आता बसणार चांगली. तर कॅप्टनसाहेब म्हणाले, "आबासाहेब, राहू द्या. त्याचं होऊ द्या." आणि पिंपावर बसून शांतपणे चहा प्यायले. तेहतीस मिनिटं!

माझ्यासाठी कधी बसले? माझ्या अठ्ठावीस मिनिटांत ते घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे. मी डोळ्यांनी बघितलंय.

२७ सप्टेंबर

१९.

कागद आदल्या दिवशीच घरी भरून नेतो. एकवीस खुणा जेवणानंतर पाटावर बसून. खुणा करायलाच चार मिनिटं जायची. सकाळी नुसते हात चालवायचे.

१ ऑक्टोबर

१५. शेपटी काल हलत होती, आज का हलणार नाही? तेल काल बघितलं. पंखाखालचे स्क्रू रातोरात कोण काढून नेणार? अकरा वर्षांत मला एकही ढिला सापडलेला नाही.

बरणी मात्र सोडत नाही. बरणी सोडणारा मेकॅनिकच नव्हे.

४ ऑक्टोबर

१२!!

आबासाहेबांनी फळ्यावर लिहून खाली रेघ ओढली. माझ्या पाठीवर थाप मारली. "असं पायजे. शिक रं धर्मपाल, अण्णाकडनं."

तो म्हणाला, "व्हय." एवढंच. पण माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारणार होता मला. मी सायकल काढली.

एक गोष्ट लिहायची राहिली. कॅप्टनसाहेबांनी नेहमीसारखी चक्कर मारली आणि पंखाच्या टोकाजवळच्या नळीवरची लाल टोपी काढून माझ्या हातात दिली. मी विसरलो होतो. ती तशीच राहती तर वर गेल्यावर वेगाचा काटा हलला नसता. ते तसेच शिडी चढले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवसभर मनात धर्मपालला शिव्या दिल्या. टोपी मी विसरलो आणि शिव्या त्याला! काय माणूस झालोय मी.

पण १२ ते १२च.

९ ऑक्टोबर

काल आणि आज पाऊस. विमान जागेवर. मोहोळकडचा ऊस पाकोळीच्या किडीनं पांढरा पडलाय आणि करार पंधरा तारखेपर्यंतचा. आबासाहेब दर तासाला आभाळाकडे बघून शिव्या घालतात. पेट्रोलची नवी पिंपं शेडबाहेर उघड्यावर, वर नुसती ताडपत्री.

संध्याकाळी धर्मपाल आला. चौदाला, दसऱ्याच्या दिवशी, त्याची पाळी आहे. त्याला आईला घेऊन नागपूरला जायचंय. "बाबा छप्पन साली दीक्षेला गेलते. आईचं तवा ऱ्हायलं, मी पोटात होतो. आता तिचे गुडघे गेल्यात, अण्णा. औंदा नेलं न्हाय तर ऱ्हायलंच."

आबासाहेब रजा देईनात. म्हणाले, "पाळी बदलायची तर तुमचं तुमी बदला. कागदावर आणू नगा. वरून विचारत्यात."

मी लगेच हो म्हणालो. धर्मपालनं माझा हात धरला. त्याला वाटलं मी मोठ्या मनाचा. मला माहीत होतं, दसऱ्याला साखर कारखान्याचे चेअरमन विमान बघायला येणार आहेत आणि मुंबईला जायचं नाव त्याच दिवशी ठरणार आहे. तो नागपुरात, मी इथं. देवच पावला म्हटलं.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाऊस थांबला. शेडमध्ये पूजा केली. दरवर्षी मीच करतो. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, ग्रीसची बंदूक, सगळं धुऊन पाटावर मांडलं. काचेची बरणीही मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. विमानाच्या नाकाला हार. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही, हा आमच्या शेडचा नेम.

दुपारीच आबासाहेबांचं फर्मान — उद्या उडायचं! चेअरमन येतायत. रावजी म्हणाला, "दसऱ्याला बी?" आबासाहेब म्हणाले, "पाकोळीला दसरा ठावं न्हाय."

टाक्या आजच भरून ठेवल्या. बाहेरच्याच पिंपातून, पाणी अडवायच्या जुन्याच कातड्यातून गाळून. रात्रीचं जेवण झालं, कागदावर एकवीस खुणा करून ठेवल्यात.

१४ ऑक्टोबर, दसरा

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

सहाला शेड उघडली. चेअरमनची गाडी साडेसहालाच आली. आबासाहेब माझ्या खांद्यापाशी घड्याळ धरून. "निंगप्पा, बारा म्हंजे बारा. लोकांसमोर लाज राख."

हार काढला. टोप्या काढल्या, मोजून तिन्ही. दोर सोडले. मग टाकीखाली वाकलो आणि सवयीनं हात मागे केला. बरणी नाही. बरणी पाटावर, फुलांमध्ये.

मी म्हणालो, "साहेब, बरणी पूजेत हाय." आबासाहेब म्हणाले, "पूजेतलं हलवू नगंस. काल कातड्यातनं गाळलंस न्हवं? मग? आठ मिनटं झाली!"

चहाचा रिकामा ग्लास पंखावर होता. माझ्या हातापासून वीतभर. काचेचा ग्लास! त्यात बघता आलं असतं. मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं. पण तो घ्या, धुवा, पुसा, खाली वाका — दोन मिनिटं गेली असती. फळ्यावर १४ लागले असते. मी काल गाळलं होतं. मी अकरा वर्षं गाळतोय. मी हिरवं फडकं दाखवलं.

आणि कॅप्टनसाहेब सरळ शिडीकडे गेले. चक्कर मारली नाही. वर चढताना म्हणाले, "आज मी बघत नाही, निंगप्पा. वेळ नाही. तुझ्यावर सोडतो."

एवढ्यासाठी जळत होतो मी. मिळालं. छाती भरून आली. चेअरमननं ऐकलं की नाही ते मी वळून बघितलं!

विमान उठलं. दोन माणसं उंच, झाडाइतकं, झाडाच्या वर. मग इंजिन खोकल्यासारखं झालं. एकदा, दोनदा. मग आवाजच नाही. इतकं शांत की रावजीच्या हातातली बादली वाजलेली ऐकू आली. माळाच्या टोकाला ज्वारीत पडलं.

पेटलं नाही. आम्ही धावलो. कॅप्टनसाहेबांचं डोकं फुटलं होतं. श्वास चालू होता. मी हाका मारत होतो, ते माझ्याकडे बघत होते पण मी त्यांना दिसत नव्हतो.

फुटक्या टाकीतून ओघळत होतं ते मी हातावर घेतलं. पाणी होतं.

१६ ऑक्टोबर

साहेब शुद्धीवर आले. पाय हलत नाहीत. त्या सकाळचं काहीच आठवत नाही त्यांना. विचारलं, "विमान कुणी सोडलं?" नर्सनं मला बाहेर काढलं, उत्तर द्यायची वेळच आली नाही. बरं वाटलं मला. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण वाटलं.

बाहेर आबासाहेब उभे होते. मला जिन्याखाली नेलं. खुणांचा कागद त्यांनी विमानातून तेव्हाच काढून घेतला होता. म्हणाले, "पाळी कागदावर कुणाची? धर्मपालची. रजा दिलेली? न्हाय. तो गेला पळून. विमान तयार करायला कुणीच नव्हतं. कॅप्टन घाईत तसाच उडाला. तू पूजेला आलतास, लांब हुतास. रावजीला सांगितलंय मी. चेअरमनसाहेबास्नी बी ह्यात नाव नगंय."

मी निघालो.

"तुझं नाव गेलंय मुंबईला," असंही म्हणाले.

१९ ऑक्टोबर

धर्मपाल आला. कचेरीत आधी जाऊन आला असणार, पत्र हातात होतं. कामावरून काढलंय. पोलिसांतही नाव दिलंय. आईला घरी सोडून तसाच बाळीवेशीत माझ्या घरी आला, अंगावर प्रवासाचेच कपडे, कधी नव्हे तो शर्टाला इस्त्री नाही.

दारातच उभा राहिला. ये म्हणालो नाही मी.

"आबासाहेब म्हणत्यात कुणीच नव्हतं. अण्णा, तुमी हुता न्हवं?"

वच्छला आतून ऐकत होती.

मी म्हणालो, "मी पूजेला आलतो."

त्यानं पत्राची घडी घातली. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "बरणीत काय दिसलं एवढं तरी सांगा. मला झोप येत न्हाय." मी दार लावून घेतलं.

बघा! त्याला झोप येत नाही ती साहेबांच्या पायांमुळे. नोकरी गेली म्हणून नाही. याचासुद्धा हेवा वाटला मला. किती नीच व्हावं माणसानं!

२० ऑक्टोबर

वच्छला ताट झाकून ठेवते आणि आत निघून जाते.

२३ ऑक्टोबर

मुंबईहून चौकशी अधिकारी आलेत. रेस्ट हाऊसवर उतरलेत. रावजीची जबानी झाली, शिकवली तशी. उद्या माझी.

कोर्सचं पत्रही आलं. माझं नाव टाईप केलेलं. कागदाला घडी घालून खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. कुणाला दाखवू?

वच्छलासमोर ठेवलं. तिनं वाचलं नाही, तिला येत नाही. म्हणाली, "त्या पोराच्या आईला बघून आले आज. बुधवार पेठंत. मला चहा दिला तिनं. म्हनली, निंगअण्णांनी पाळी घेतली म्हून माजं नागपूर झालं. आशीर्वाद देत हुती तुमाला."

मग म्हणाली, "चटणी तिची हुती न्हवं?"

हो म्हणालो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकशी अधिकारी साहेबांस,

मला तोंडानं सांगायला जमणार नाही, म्हणून ही वही तुमच्या टेबलावर ठेवतोय. ती कुणी वाचावी म्हणून लिहिलेली नाही. एकही पान फाडलेलं नाही. अक्षर माझंच आहे, कचेरीतल्या कुठल्याही जुन्या कागदाशी ताडून बघा.

त्या सकाळी विमान तयार करायला कुणीच नव्हतं असं तुम्हाला सांगितलंय. होतं. मी होतो.